पाटाचे दार आणि पाळीचा शिरस्ता

दक्षिणेस भीमा आणि नैर्ऋत्येस घोड अशा दोन नद्यांचा शेजार लाभूनही ज्याच्या कपाळीचे अवर्षण कधी पुरते पुसले गेले नाही, त्या श्रीगोंदे तालुक्याचा इतिहास सांगू लागणारे बहुधा शेख महंमदांच्या समाधीपासून, महादजी शिंद्यांच्या वाड्यापासून किंवा पेडगावच्या बहादूरगडापासून आरंभ करतात, आणि ते योग्यच आहे. परंतु या भूमीला आणखी एक इतिहास आहे, ज्यात राजे आणि संत क्वचितच येतात, आणि ज्याचा बराचसा भाग पाटबंधारे खात्याच्या दफ्तरांत व शेतकऱ्यांच्या तोंडी राहिला आहे. तो इतिहास पाण्याच्या दारांचा. कोणते दार कोणी उघडावे, किती उघडावे, कोणाच्या हुकमाने उघडावे, आणि ते उघडून मागण्याची रीत कोणत्या कागदावर, कोणत्या शब्दांत असावी, या प्रश्नांभोवती येथील कित्येक पिढ्यांचे सुखदुःख फिरत आले आहे.

या जुन्या विषयाकडे मी वळलो तो एका नव्या व्यवसायातील वादामुळे. संगणकाच्या आज्ञावली रचणारे लोक ‘लायब्ररी’ नावाची एक वस्तू तयार करतात. एकाने रचायची आणि त्याने कधी न पाहिलेल्या सहस्रावधी प्रोग्रामरांनी आपापल्या कामाला जोडून घ्यायची, असे तिचे स्वरूप असते. तिच्या पोटात शेकडो मूल्ये दडलेली असतात: उत्तराची वाट किती वेळ पाहावी, चुकल्यास पुन्हा किती वेळा प्रयत्न करावा, किती स्मृती अडवून ठेवावी. यांपैकी कोणती मूल्ये वापरणाऱ्याच्या हाती मोकळी सोडावी, कोणती रचनाकाराने स्वतःच ठरवून कुलूपबंद करावी, आणि जी मोकळी सोडली त्यांना कोणती नावे द्यावी, याला ते ‘कॉन्फिगरेशन’ची रचना म्हणतात, आणि तिच्यावर त्यांच्यात मोठ्या हिरिरीने वाद होतात. मला असे निश्चितपणे वाटते की, हा वाद करणाऱ्यांनी दख्खनच्या कालव्यांचा इतिहास एकदा अवश्य वाचावा. कारण धरण बांधणारा आणि लायब्ररी रचणारा हे दोघेही एका अदृष्ट माणसासाठी दार बसवीत असतात, आणि त्या माणसाच्या गरजेविषयी आधी काहीतरी गृहीत धरल्यावाचून दोघांनाही ते बसविता येत नाही.

कालवे येण्यापूर्वी येथे पाणी होते ते विहिरीचे. कातड्याची मोट, तिला ओढणारी बैलजोडी, बैल उतरत जायचे ती धाव, मोट रिती व्हायची ते थारोळे, आणि थारोळ्यापासून पिकापर्यंत गेलेला मातीचा पाट एवढाच त्या यंत्रणेचा विस्तार. एक माणूस मोट हाकी आणि दुसरा दारे धरी. दारे धरणे हे काम ज्याने केले नसेल त्याला ते क्षुल्लक वाटेल. पण हातात खोरे घेऊन, पायाखालच्या ओलाव्यावरून वाफा किती भरला हे ओळखून, नेमक्या क्षणी एका वाफ्याचे दार चिखलाच्या दोन खोऱ्यांनी बुजवायचे आणि शेजारच्या वाफ्याचे दार एका घावाने फोडायचे, आणि हे रात्रीच्या काळोखातही न चुकता करायचे, यात पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान साठलेले आहे. येथे रचनाकार, चालक आणि वापरणारा हे तिघेही एकाच घरातले, बहुधा एकच माणूस; त्यामुळे मागणीचा अर्ज नाही, नियम नाही आणि तक्रारही नाही.

विहीर भावाभावांत वाटली गेली की मात्र नियम जन्मास येई, आणि तो किती साधा असे हे लक्षात घेण्यासारखे आहे. आठ दिवसांच्या फेऱ्यात थोरल्याचे इतके दिवस, धाकट्याचे इतके दिवस, अशी पाळी ठरे. पुढे ही पाळी सातबाऱ्याच्या उताऱ्यावर इतर हक्कांत नोंदली जाऊ लागली. कोणी कोणते पीक घ्यावे, किती वाफे भिजवावे, मोट सकाळी जुंपावी की रात्री, याविषयी त्या वहिवाटीत एक अक्षरही नसे. ठरवायचा तो केवळ एक आकडा, दिवसांचा. आणि तो असा, की निरक्षर माणसालाही बोटांवर मोजता यावा व शेजाऱ्याला साक्षीस उभे राहता यावे.

ज्या करारातील आकडे दुसऱ्याला वाचता येत नाहीत, त्या कराराचे काय होते, हेही याच तालुक्याने पाहिले आहे. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुप्यापासून पेटलेला शेतकऱ्यांचा उठाव नगर जिल्ह्यात ज्या तालुक्यांत पसरला त्यांत श्रीगोंदे होते. शेतकऱ्यांनी सावकारांकडे मागितले ते बहुशः धन नव्हते, कागद होते: कर्जरोखे, हुकूमनामे, खतपत्रे. ते हाती येताच त्यांनी फाडले वा जाळले. ज्या लेखात आपले नाव आणि आपली निशाणी आहे पण ज्याचा अर्थ केवळ समोरच्यालाच ठाऊक आहे, त्या लेखाविषयीचा तो क्षोभ होता. सरकारने चौकशी-समिती नेमली, आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा केला, ज्यात शेतकऱ्याने लिहून द्यावयाचे रोखे गावच्या निबंधकासमोर व्हावे अशी तरतूद होती. आणि योगायोग असा की, ज्या कायद्याने कालव्याचे पाणी कोणी, कसे मागावे हे पुढे जवळजवळ शंभर वर्षे ठरविले, तो मुंबई इलाख्याचा पाटबंधारे कायदाही १८७९ चाच. एका कायद्याने शेतकऱ्याला जुन्या दुर्बोध कागदातून सोडविण्याचा यत्न केला आणि त्याच वर्षी दुसऱ्याने त्याच्या हाती एक नवा कागद दिला.

कालव्याचे युग प्रत्यक्ष श्रीगोंद्यात आले ते दुष्काळाच्या पाठीवर बसून. हंगा नदीवर विसापूर येथे १८९६ च्या सुमारास दुष्काळी काम म्हणून तलाव हाती घेण्यात आला आणि तो पुरा व्हायला १९२७ साल उजाडले. ज्यांनी पहिली टोपली उचलली त्यांतील किती जणांनी तेथले पाणी शेतात खेळलेले पाहिले असेल, हा विचार मनाला चटका लावतो. तलाव झाला, पाट झाला, आणि त्याबरोबर पाटकरी नावाचा एक नवा अधिकारी गावच्या जीवनात आला. हुद्द्याने तो लहान, परंतु दाराची किल्ली त्याच्या कमरेला असल्यामुळे उन्हाळ्यात त्याचे वजन मामलेदाराहून अधिक.

या पद्धतीचे अंतरंग थोडे निरखून पाहण्याजोगे आहे. शेतकऱ्याने हंगामापूर्वी ‘नमुना नंबर ७’ या कागदावर अर्ज करावयाचा. त्यात आपले नाव, गाव, जमिनीचा नंबर, पीक आणि क्षेत्र लिहावयाचे, मागील पाणीपट्टीची बाकी चुकती करावयाची, आणि मंजुरीचा पास मिळाला की आवर्तनाची वाट पाहावयाची. पाणी सुटले की शेजपाळीने, म्हणजे कालव्याच्या शेपटाकडून मुखाकडे क्रमाने, एकेकाचे शेत भिजत येई. पट्टी आकारली जाई ती पिकावर व क्षेत्रावर. दारातून प्रत्यक्ष किती पाणी गेले याचे माप घेण्याची सोय बहुतेक ठिकाणी नव्हती. म्हणजे शेतकऱ्यापुढे जी कलमे भरण्यासाठी ठेवली होती ती त्याच्या शेताचे वर्णन करणारी होती, आणि ज्या गोष्टीवरून तंटे व्हायचे ती गोष्ट, पाण्याचे परिमाण, त्या कागदावर कोठेच नव्हती. ज्याचे शेत एकदा भिजू लागले तो ते ‘पुरते भिजेपर्यंत’ दार सोडीत नसे, आणि पुरते म्हणजे किती हे सांगणारा कोणी नसे. अर्जात ज्वारी आणि रानात ऊस असा प्रकार सर्रास होऊ लागला. पेडगाव ज्या तालुक्यात आहे तेथील माणसाला वेड घेऊन पेडगावला जाणे अवघड नव्हते. मी यात शेतकऱ्याचा दोष मानीत नाही. कागद जे विचारतो तेच उत्तर त्याला मिळते, आणि जे विचारायला हवे होते ते न विचारणाऱ्या कागदाला खोटे उत्तर मिळाले तर त्याची जबाबदारी कागद आखणाऱ्यावर येते.

याच्या अगदी उलट वाट त्या काळी पंजाबने धरली होती. तेथील कालव्यांच्या मोऱ्यांना दारेच ठेवलेली नव्हती. वितरिका, म्हणजे उपकालवा, चालवायची तर पूर्ण भरून, नाहीतर बंद. भरून चालली की प्रत्येक मोरीतून तिच्या आकारमानाप्रमाणे ठरीव हिस्सा आपोआप वाहावा, आणि मोरीखालच्या शेतकऱ्यांनी आठवड्यातील ठरलेल्या वारी, ठरलेल्या प्रहरी, जमिनीच्या प्रमाणात वेळ घेऊन तो वाटून घ्यावा, अशी ती वारबंदी. मोरीचा हिस्सा कालव्याची पातळी थोडी वरखाली झाली तरी प्रमाणात राहावा म्हणून क्रम्प नावाच्या अभियंत्याने १९२२ साली एक विशेष घडणीची मोरी सिद्ध केली. या व्यवस्थेत वापरणाऱ्याच्या हाती काहीच दिलेले नव्हते, आणि म्हणूनच त्याच्याकडून काही हिरावून घेणेही कोणा पाटकऱ्याला सोपे नव्हते. तिचा गुण स्वच्छ आहे. तिचा अवगुणही तितकाच स्वच्छ, की पिकाला पाणी केव्हा हवे हे तिला कळत नाही आणि कळून घेण्याची वाटही तिने ठेवलेली नाही. पंजाबच्या सपाट, एकजिनसी, विस्तीर्ण मैदानात हे निभावले. दख्खनमध्ये जेथे एका बांधाच्या अलीकडे चार हात काळी माती आणि पलीकडे मुरमाड माळ, तेथे सर्वांना एकच हिस्सा म्हणजे कोणाची तरी नासाडी आणि कोणाची तरी उपासमार.

या दोन टोकांच्या मध्ये एक तिसरी वाट शोधली ती अभियंते विश्वेश्वरय्या यांनी. विसाव्या शतकाच्या आरंभी, पुणे विभागाच्या पाटबंधाऱ्यांचा कारभार त्यांच्याकडे असताना, नीरा डाव्या कालव्यावर त्यांनी ब्लॉक पद्धत सुरू केली. तोवर उसाचे मळे कालव्याकाठी जेथे साधेल तेथे विखुरलेले, पाणी वाटेल तसे घेतले जाई, मुखाकडच्या जमिनी उपळून चालल्या होत्या आणि शेवटची गावे कोरडी होती. विश्वेश्वरय्यांनी गावोगाव ठरावीक क्षेत्राचे सलग पट्टे आखले. पट्ट्याच्या एक-तृतीयांशात ऊस, उरलेल्यात भुसार व हंगामी पिके, आणि उसाची जागा आळीपाळीने बदलती. शेतकऱ्याला येथे निवड होती, पण ती आखलेल्या चौकटीत होती. प्रत्येक हंगामात प्रत्येक गोष्ट नव्याने मागण्याचा जाच संपला, आणि पाणी दूरच्या गावांपर्यंत पोहोचू लागले. प्रारंभी या पद्धतीला विरोध झाला. तो ज्यांचे पाणी कमी होणार होते त्यांचा, आणि तो स्वाभाविक होता. खानदेशातल्या पांझरेकाठच्या फडांत हेच तत्त्व काही शतके आधी गावकऱ्यांनी स्वतः शोधले होते, ही गोष्ट मला विशेष अभिमानाची वाटते: बंधाऱ्याखालची जमीन फडांत विभागलेली, कोणत्या फडात यंदा कोणते पीक हे सर्वांनी मिळून ठरविलेले, आणि ते एकदा ठरले की हवालदार, पाटकरी व जागल्या यांनी अंमलबजावणी करावयाची.

लायब्ररी रचणाऱ्यांच्या जगातही नेमकी हीच तीन मते आढळतात. १९८० नंतरच्या दशकात टपाल वाहून नेणारी ‘सेंडमेल’ नावाची आज्ञावली बर्कलीच्या विद्यापीठात एरिक ऑलमन यांनी रचली. तिने जगातील प्रत्येक विचित्र टपालयंत्रणेशी जुळते घेता यावे म्हणून जवळजवळ सर्वच मोकळे सोडले, आणि तिच्या नियमावलीची भाषा अशी बनली की ती नियमावली लिहून देण्यासाठी पुढे आणखी एक साधन जोडावे लागले. २००४ साली आलेल्या ‘रेल्स’ या संकेतस्थळे रचण्याच्या साधनाने उलट घोषणा केली, की जो रूढ संकेत पाळील त्याला काहीच सांगावे लागू नये, वेगळे वागायचे असेल त्यानेच बोलावे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अपाचे, मायएसक्यूएल, हडूप यांसारख्या मोठ्या प्रणालींची तपासणी झाली, आणि बहुसंख्य वापरकर्ते उपलब्ध कळांपैकी, म्हणजे मोकळ्या सोडलेल्या मूल्यांपैकी, अगदी थोड्याच फिरवतात, कित्येकींना जवळजवळ कोणीच हात लावीत नाही, असे तीत दिसून आले. जॉन ओस्टरहाउट हे संगणकशास्त्राचे अध्यापक तर असे बजावतात की, जो निर्णय रचनाकाराला स्वतःला घेता येत होता तो ‘सेटिंग’ म्हणून वापरणाऱ्याच्या गळ्यात बांधणे म्हणजे आपले काम त्याच्यावर ढकलणे होय. हे मला पटते, पण अर्धेच पटते. कारण न सांगता जे मिळते, ज्याला हे लोक ‘डिफॉल्ट’ म्हणतात, ते कोणाला डोळ्यांसमोर ठेवून ठरविले आहे, या प्रश्नाचे उत्तर त्यात नाही. आणि श्रीगोंद्याचा पुढला इतिहास सारा त्याच प्रश्नाचा आहे.

स्वातंत्र्यानंतर शिरूर तालुक्यात चिंचणी येथे घोड नदीवर धरण झाले आणि साठच्या दशकात त्याच्या डाव्या कालव्याचे पाणी श्रीगोंद्याला मिळू लागले. त्यामागून कुकडी प्रकल्प आला: येडगाव, माणिकडोह, डिंभे, वडज आणि पिंपळगाव जोगे अशी पाच धरणे, आणि येडगावपासून निघून पारनेर, श्रीगोंदे, कर्जत या तालुक्यांना शिवत सोलापूर जिल्ह्यातील करमाळ्यापर्यंत गेलेला सुमारे अडीचशे किलोमीटरांचा डावा कालवा. या पाण्याने तालुक्याचे रूप पालटले. उसाचे क्षेत्र वाढले, सहकारी साखर कारखाना उभा राहिला, लिंबाच्या बागांनी श्रीगोंद्याचे नाव दूरच्या बाजारांत नेले. पण कालवा जितका लांब तितके त्याचे मुख आणि शेपूट यांतील अंतर मोठे, आणि अंतर मोठे तितकी ‘टेल’च्या शेतकऱ्याची प्रतीक्षा मोठी. आवर्तन केव्हा सुटावे हे कालवा सल्लागार समितीत ठरते. ते आठ दिवसांनी पुढे गेले तर मुखाकडील उसाला फारसे भय नसते, कारण त्याच्या विहिरीला तोवर कालव्याचाच पाझर असतो, परंतु शेवटच्या चारीवरील उन्हाळी पीक तेवढ्यात करपते. निर्णय एकच, कागदावर सर्वांना समान, आणि परिणाम मात्र जागेगणिक निराळा. जेथे रीतसर दार उघडत नाही तेथे माणूस आडमार्गाचे दार पाडतो: रात्री भराव फोडला जातो, कालव्यात नळी सोडून पाणी ओढले जाते, विजेची मोटर बसते. अभियंते याला पाणीचोरी म्हणतात, आणि कायद्याने ती चोरीच आहे. पण एकाच ठिकाणी भराव वर्षानुवर्षे फुटत असेल तर तेथे दार हवे होते असे ती जागा सांगत असते. आज्ञावलीच्या क्षेत्रातही, जे मूल्य रचनाकाराने कुलूपबंद केले आणि ज्याच्यावाचून वापरणाऱ्याचे चालत नाही, तेथे तो लायब्ररीची प्रत काढून तिच्या पोटात हात घालतो, आणि पुढल्या आवृत्तीशी त्याचा संबंध तुटतो.

माझ्या मते या साऱ्या प्रवासातील सर्वांत शहाणा विचार अलीकडचा आहे, आणि त्याची सुरुवात नगर जिल्ह्यातच झाली. नेवासे तालुक्यातील चांदे येथे मुळा प्रकल्पाच्या एका लघुवितरिकेवर १९८९ च्या सुमारास शेतकऱ्यांची सहकारी पाणी वापर संस्था उभी राहिली. पुढे नाशिक जिल्ह्यात वाघाड प्रकल्पावर ओझरच्या संस्थांनी ते काम मोठ्या प्रमाणावर करून दाखविले. आणि २००५ साली शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा राज्याचा कायदा झाला. त्याचे मर्म असे, की शासनाने लघुवितरिकेच्या मुखाशी ठरलेले पाणी घनमापाने मोजून द्यावे, संस्थेने त्या मोजमापाप्रमाणे पट्टी भरावी, आणि मुखाच्या आत कोणी कोणते पीक घ्यावे, पाळी कशी लावावी, हे संस्थेच्या सभासदांनी स्वतः ठरवावे. भावाभावांच्या विहिरीतील तो एकुलता आकडा येथे पुन्हा भेटतो. पूर्वीचा अर्ज पीक विचारीत असे आणि पाणी मोजीत नसे. नवी व्यवस्था पाणी मोजते आणि पीक विचारीत नाही. रचनाकाराने सीमेवर उभे राहावे, तेथे जे द्यायचे ते मोजून व न चुकता द्यावे, आणि सीमेच्या आत डोकावू नये, असा हा संकेत आहे, आणि उत्तम लायब्ररीचे लक्षणही मला याहून निराळे सांगता येणार नाही. अर्थात आडातच नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार? मुखाशी बसवलेले मोजमापाचे यंत्र नीट चालले पाहिजे आणि ठरलेले पाणी ठरल्या वेळी तेथवर आले पाहिजे. हे जेथे सांभाळले गेले नाही तेथील संस्था नुसत्या कागदावर उरल्या.

आणखी एक गोष्ट मात्र कोणत्याही नमुन्यावर, कोणत्याही करारात लिहिलेली नाही. हायरम राइट या गूगलमध्ये काम केलेल्या अभियंत्याच्या नावाने आज्ञावलीकारांत एक नियम प्रसिद्ध आहे: वापरणारे पुरेसे असले की तुम्ही वचन काय दिले होते याला महत्त्व उरत नाही, तुमच्या रचनेतून जे जे काही प्रत्यक्ष घडताना दिसते त्या प्रत्येकावर कोणी ना कोणी विसंबून असतो. मातीच्या कालव्यातून पाणी झिरपते. अभियंत्याच्या हिशेबात तो व्यय, तूट, दोष. परंतु त्याच पाझरावर कालव्याच्या दोन्ही अंगांच्या विहिरी भरतात, त्यांवर बागा उभ्या राहतात, त्या बागांच्या भरवशावर कर्जे निघतात व लग्ने ठरतात. म्हणूनच नीरेच्या कालव्याला काँक्रीटचे अस्तर लावण्याचे काम निघाले तेव्हा काठच्या शेतकऱ्यांनी ते अडवून धरले, आणि शेपटाकडच्या शेतकऱ्यांना मात्र तेच अस्तर हवेहवेसे वाटत होते. दोघांचेही म्हणणे खरे आहे. कुकडीच्या अडीचशे किलोमीटरांवर हाच प्रश्न जेव्हा उभा राहील, तेव्हा पाझरावर जगणाऱ्या विहिरींची गणती अस्तराच्या अंदाजपत्रकाआधी झाली पाहिजे, त्या विहिरींच्या मालकांना मुखाशी मोजून मिळणाऱ्या पाण्यात रीतसर हिस्सा मिळाला पाहिजे, आणि हे सारे काम सुरू होण्यापूर्वीच्या एका पुऱ्या पाणीवर्षात, १ जुलैपासून ३० जूनपर्यंत, त्यांच्यासमोर चालवून दाखविले पाहिजे.